व्याह्यांनी केलेलं पॉलिश

मयूर विहार
मंगळवार, सकाळ

प्रिय रेवती,

एकाच घरात राहून सुनेला पत्र लिहिणारी सासू तू आजवर पाहिली नसशील. तू आणि साकेत बाळाला लस द्यायला गेला आहात. तिथली रांग लक्षात घेता माझ्याकडे दोन तास तरी आहेत. चौतीस वर्षं सरकारी फायलींवर टिपणं लिहिण्यात गेली, त्यामुळे कागदावर माझं बरं चालतं. समोरासमोर सांगायला बसले असते तर मध्येच रडले असते, आणि मी रडले की तू स्वतःचं दुखणं विसरून माझ्यासाठी पाणी आणायला धावतेस. आज मला ते पाणी नको आहे.

विषय तुझ्या बाबांचा आहे. महिना होऊन गेला, तू त्यांच्याशी बोलत नाहीस. नात झाली तरी ते कराडहून आले नाहीत, आणि आता बारशालाही जमणार नाही म्हणतात. आधी गुडघे दुखत होते, मग दिल्लीच्या हवेचं निघालं, मग कारखान्यात मोठी ऑर्डर आली. "आई असती तर पहिल्या गाडीने आली असती," असं म्हणून तू फोन ठेवलास तो ठेवलासच. रविवारी सकाळी त्यांचा फोन येतो, तू तो वाजू देतेस आणि बाळाचं लंगोट बदलायला घेतेस, ते कोरडं असलं तरी. मी हे स्वयंपाकघराच्या दारातून बघते आणि वर तुला समजावते की वय झालं की पुरुष हट्टी होतात, मनावर घेऊ नकोस. रेवती, तुझे बाबा हट्टी नाहीत. ते का येत नाहीत हे मला माहीत आहे. ते सांगायचं म्हणून हा खटाटोप. पण सुरुवातीपासून सांगू दे, नाहीतर मी मला सोयीचं तेवढंच सांगेन. ती सवय मला आहे.

फेब्रुवारीत ते आले ते पहिल्यांदाच दिल्लीला. तुला नुकतेच दिवस गेले होते. तू साडेआठला नोएडाला निघायचीस, साकेत गुडगावला, आणि हे सोसायटीचे सेक्रेटरी झाल्यापासून यांना घर कुठे आठवतं. म्हणजे दिवसभर घरात विहीण आणि व्याही, दोघंच. मला वाटलं, या माणसाशी तीन आठवडे बोलायचं तरी काय. दुसऱ्या दिवशी मी पोह्यांची बशी पुढे केली तर ते ओशाळून हसले. म्हणाले, "विहीणबाई, आमच्यात मुलीला मूलबाळ होईपर्यंत बाप तिच्या घरी बसून खात नाही. माझे वडील तर पाणीसुद्धा पीत नसत. मी तेवढा जुना नाही, पण हाताला काही काम द्या, म्हणजे घास उतरेल." मलाही हसू आलं. मी गंमत म्हणून डायनिंग टेबलाकडे बोट दाखवलं.

त्या टेबलाचा इतिहास तुला अर्धाच माहीत आहे. ते आणि त्याच्या सहा खुर्च्या माझ्या ऑफिसातल्या जुन्या सामानाच्या लिलावातून आल्या. पुढे दर दोन-तीन दिवाळ्यांनी यांनी त्यावर चॉकलेटी ऑइलपेंटचा एकेक थर चढवला. उरलेला रंग वाया जाऊ नये म्हणून दारं आणि शोकेसही त्याच रंगाची. मला त्या सगळ्याची लाज वाटायची. इथल्या मराठी मंडळातल्या बायका आल्या की मी टेबलावर मोठा टेबलक्लॉथ घालायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्याच महिन्यात मी साकेतला घेऊन कीर्तिनगरच्या फर्निचर बाजारात दोन फेऱ्या मारल्या होत्या, आणि तिथले भाव ऐकून त्याने मला फक्त छोले-भटुरे खायला घालून परत आणलं होतं.

तुझ्या बाबांनी टेबलाखाली बसून चाकूच्या टोकाने जरासं खरवडलं, वास घेतला आणि म्हणाले, "सागवान आहे हो. अस्सल. रंगाखाली गुदमरलंय बिचारं." तुला आठवत असेल, ते दोन पिशव्या घेऊन आले होते. एकीत कपडे होते आणि दुसरीत, मुलीकडे पाहुणा म्हणून येतानासुद्धा, रंधा आणि पटाशी. नवं काही आणायचं नाही म्हणाले. त्रिलोकपुरीतल्या काचवाल्याकडून खिडकीच्या काचेचे फुकटचे तुकडे आणले. दोन हातांत काच धरायची, किंचित वाकवायची आणि आपल्याकडे ओढायची. तीस वर्षांचा चॉकलेटी रंग पापुद्र्यांनी निघतो आणि खाली मधासारखं लाकूड दिसायला लागतं. मी आधी लांबून बघत होते. तिसऱ्या दिवशी मीही गाऊनच्या बाह्या वर करून बसले.

मी तुला हे कधी सांगितलं नाही, पण ते नऊ-दहा दिवस फार छान गेले. आयुष्यभर मी कागद पुढे सरकवले, कुठली वस्तू हाताने बरी केली नव्हती. त्यांनी मला पॉलिश पेपर रेषेच्या दिशेनेच घासायचा हे शिकवलं, भेगा कशा बुजवायच्या ते शिकवलं. पितळी कड्या आणि मुठी काढून आम्ही चिंच-मिठाच्या पाण्यात उकळल्या. बाथरूमच्या दाराचा कुजलेला खालचा भाग त्यांनी कापून तिथे नवी पट्टी अशी बसवली की यांना अजून पत्ता नाही. लाखेच्या पापड्या स्पिरिटमध्ये भिजवून पॉलिश घरीच केलं. कापसाचा बोळा मलमलीत बांधून ते हात फिरवायचे आणि सांगायचे की इथे सकाळच्या धुक्यात हात लावायचा नाही, पॉलिश पांढरं पडतं, ऊन बाल्कनीत येऊ दे. अकरा वाजता आम्ही कपांत चहा घेऊन त्या उन्हात बसायचो. त्यांनी निळ्या काठाचा कप आपला ठरवून टाकला होता. तुझ्या आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल ते मला तिथे बोलले. तुलाही न सांगितलेलं बोलले. ते मी इथे लिहिणार नाही, ते त्यांचं आहे. सगळा खर्च मिळून कीर्तिनगरातल्या एका खुर्चीएवढासुद्धा झाला नाही, याचा त्यांना माझ्यापेक्षा जास्त अभिमान होता.

आता मला जरा मागे जायला हवं. तुमचं लग्न कराडला झालं, तेव्हा दिल्लीहून आम्ही घरचेच होतो. इथल्या रिसेप्शनच्या वेळी तुझी आई हॉस्पिटलात, म्हणून बाबा येऊ शकले नाहीत. मंडळात रुचिराने विचारलं, व्याही काय करतात. रुचिराला तू ओळखतेसच. नवरा मोठ्या हुद्द्यावर, स्वतः मंडळाची अध्यक्ष, आणि समोरच्याची किंमत ठरवायला तिला दोन प्रश्न पुरतात. मी सांगितलं, इंटिरियरचा बिझनेस आहे. खोटं नव्हतं अगदी. सुतारकामाचा कारखाना म्हणायला जीभ वळली नाही, एवढंच. मग दुसऱ्या कुणी विचारलं तेव्हा पुण्या-मुंबईला त्यांची कामं चालतात असं झालं, आणि एका हळदीकुंकवाला तर मी त्यांचा माल थेट परदेशात पाठवून मोकळी झाले. तू तेव्हा पलीकडच्या खोलीत वाण देत होतीस. तुझ्या कानावर गेलं असतं तर तू तिथल्या तिथे मला खोटं पाडलं असतंस, आणि ते फार बरं झालं असतं.

शिवजयंतीला चार-पाच दिवस होते. सकाळचे साडेअकरा. घंटी वाजली, मला वाटलं धोबी. दार उघडलं तर रुचिरा आणि मंडळातल्या आणखी दोघी. कस्तुरबा गांधी मार्गावर कार्यक्रमाच्या हॉलचं बघून त्या परत निघाल्या होत्या आणि सूत्रसंचालनाचं माझ्याशी ठरवायचं म्हणून न कळवता आल्या. माझ्या अंगात जुना गाऊन, केसांत रंगाचा भुगा, हातात काचेचा तुकडा. रुचिरा म्हणाली, "अय्या, शालिनीताई, हे काय, तुम्ही स्वतः करताय?" मी हात पाठीमागे घेतला. आधी मला माझ्याच हातांची लाज वाटली, बघ. तोंडातून निघून गेलं, "छे गं, मिस्त्री आहे ना. मी नुसती लक्ष ठेवतेय." उचलली जीभ, लावली टाळ्याला.

तोवर पाहुणे आलेले बघून तुझे बाबा बाल्कनीतून उठले होते. खांद्यावरच्या टॉवेलला हात पुसून ते दिवाणखान्याच्या दारापर्यंत आले होते. नमस्कारासाठी हात निम्मे वर आलेले. मी काय म्हणाले ते त्यांनी ऐकलं. रुचिराने त्यांच्याकडे पाहिलं आणि हिंदीत विचारलं, "भैया, पुरानी लकडी का काम करते हो? अच्छा है, हमारे यहां भी ऐसा काम है." इथे आम्हा सगळ्यांचं असंच झालंय. ज्याच्या हातात हत्यार, त्याच्याशी तोंड आपोआप हिंदीत वळतं, समोरचा कुठला आहे हे विचारायचं सुचतसुद्धा नाही. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. ते नुसते वाट बघत होते, मी ओळख करून देईन म्हणून.

हे रेवतीचे बाबा. एवढंच म्हणायचं होतं. मला वेळ होता, रेवती. घाईत झालं, गोंधळ उडाला, असं मी स्वतःला कितीदा सांगून पाहिलं, पण मला चांगला वेळ होता. मी तीन बायकांचे चेहरे पाहिले, माझा 'परदेशात पाठवलेला माल' आठवला, आणि तुझ्या बाबांकडे वळून हिंदीत म्हणाले, "भैया, आप उधर का काम कर लो, इधर मेहमान बैठेंगे."

मी त्यांच्याशी हिंदीत बोलले. ज्या माणसाने आदल्याच दिवशी मला आपल्या बायकोच्या शेवटच्या आजारपणाचं सांगितलं होतं, त्याच्याशी.

त्यांचे हात खाली आले. "हां मॅडम," म्हणाले. कराडच्या बाजारात ऐकलेली ती हिंदी. खाली पसरलेली वर्तमानपत्रं गोळा करून ते बाल्कनीत गेले, आणि आत धूळ येऊ नये म्हणून त्यांनी दार ओढून घेतलं.

इथेही थांबलं असतं तर मी आज कदाचित लिहिलं नसतं. मी चहा करायला गेले, रुचिरा मदतीला म्हणून मागोमाग आली. ओट्यावर कप मांडले. त्यांचा निळ्या काठाचा कप तिथेच धुऊन ठेवलेला होता. त्याला हात लावला असता तर तिने विचारलं असतं. सिंकखालच्या फळीवर आपले ते दोन स्टीलचे ग्लास असतात, प्लंबर-इलेक्ट्रिशियनचे. तू नवी होतीस तेव्हा ते वेगळे का म्हणून विचारलं होतंस आणि मी 'स्वच्छतेसाठी' म्हणाले होते. त्यातला एक काढला. त्यात चहा ओतला आणि बाल्कनीचं दार उघडून त्यांच्यापुढे ठेवला. ते जमिनीवर उकिडवे बसले होते. त्यांनी ग्लास दोन्ही हातांनी उचलला आणि रुचिराला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले, "थँक्यू मॅडम." मी खूप शोधलं, पण त्या आवाजात टोमणा नव्हता. ते माझी बाजू सांभाळत होते. जाताना रुचिरा त्यांना म्हणाली, आमच्याकडेही या, द्वारकेला, पत्ता मॅडम देतील. त्यावर ते म्हणाले की मैं तो गाव जा रहा, टिकट हो गया. त्यांचं तिकीट आणखी दहा दिवसांनी होतं.

त्या गेल्यावर मी बाल्कनीत गेले. त्यांनी ग्लास तिथल्या नळावर धुऊन पालथा घातला होता. मी म्हणाले, अशोकराव. त्यांनी मान वर न करता सांगितलं की खुर्चीच्या या पायाला पॉलिशचा अजून एक हात लागेल, ऊन आहे तोवर करून घेतो. आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. वाटलं, मोठ्या मनाचा माणूस आहे, सोडून दिलं त्यांनी.

त्यांनी सोडलं नव्हतं, फक्त मला त्रास द्यायचा नव्हता. संध्याकाळी त्यांनी साकेतला तिकीट अलीकडचं करायला सांगितलं. दहा दिवसांचं काम चार दिवसांत संपवलं. जेवायला हाक मारली की म्हणायचे, हात भरलेत, तुम्ही घ्या, आणि मग एकटे जेवायचे. दुसऱ्या दिवशी मी निळा कप घेऊन गेले तर म्हणाले, राहू द्या, इथे फुटेल, आणि स्वतः जाऊन तो स्टीलचा ग्लास घेऊन आले. जायच्या दिवशी तू फुगून बसलीस की बाबांना माझ्यापेक्षा कारखाना जास्त. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला. तोच हात.

त्यानंतर टेबलाचं किती कौतुक झालं ते तू बघितलंस. मी टेबलक्लॉथ घालणं बंद केलं. रुचिराने दोनदा त्या मिस्त्रीचा नंबर मागितला आणि दोनदा मी सांगितलं की तो गावी गेला तो आलाच नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात. पण मला खवखवतसुद्धा नव्हतं, रेवती. मी त्या टेबलावर वरण-भात जेवत होते आणि सगळं विसरायला लागले होते.

मग बाळ आलं. बाबा आले नाहीत. तू फोन आपटलास आणि दोन दिवस जेवली नाहीस, तेव्हा ऑक्टोबरात एका दुपारी तू झोपलेली असताना मी खाली बागेत जाऊन त्यांना फोन केला. म्हटलं, माझं चुकलं, मला माफ करा, पण मुलीसाठी या. त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. म्हणाले, "विहीणबाई, ते मनातून काढून टाका. मी रागावून राहिलो नाहीये. बारशाला तुमची सगळी माणसं येणार, त्या बाईही येणार. त्या मला ओळखणार. मग तुमची चारचौघांत पंचाईत, आणि रेवतीला कळलं तर घरात कायमचं बिनसणार. त्यापेक्षा मी लांब बरा." मी म्हटलं, पण ती तुमच्यावर चिडलीय. तर हसले आणि म्हणाले, "चिडू दे. बापावरचा राग मुलगी विसरते. सासरचा राग घेऊन त्याच घरात राहायचं अवघड असतं. तिला काही सांगू नका, शब्द द्या."

मी शब्द दिला. आणि बागेतून वर येताना लिफ्टमध्ये मला सुटल्यासारखं वाटलं. फेब्रुवारीत मी जे केलं ते भीतीपोटी केलं म्हणता येईल. ऑक्टोबरात मी शुद्धीत होते. एक माणूस स्वतःच्या लेकीची नाराजी माझ्यासाठी अंगावर घेतोय हे कळून मी 'बरं' म्हणाले. त्यानंतर महिनाभर मी तुला त्यांच्याबद्दल समजावत राहिले. 'पुरुष हट्टी होतात' हे वाक्य माझं. बाबांनी पाठवलेला पाळणा ट्रान्सपोर्टने आला, तू तो गोणपाटातून काढूही दिला नाहीस आणि ऑनलाइन दुसरा मागवलास, तेव्हाही मी त्या नव्या पाळण्याच्या खोक्यावरची चिकटपट्टी कापायला कात्री आणून दिली.

परवा संध्याकाळी साकेत त्याच टेबलाशी बसून बारशाचं निमंत्रण तयार करत होता. त्याने वाचून दाखवलं: आजी-आजोबा, सौ. शालिनी आणि श्री. श्रीपाद, श्री. अशोक. तू बाळाला खांद्यावर घेऊन येरझारा घालत होतीस. तू म्हणालीस, "बाबांचं काढ. जे येणार नाहीत त्यांचं नाव कशाला." साकेतने माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं, त्याने नाव काढलं. बोटाने एकदा दाबलं की झालं. माझ्यासमोर पाहुण्यांची यादी होती, माझ्या अक्षरात, आणि तिच्यात पहिलं नाव रुचिराचं होतं.

त्यानंतर फिरायला गेलो तेव्हा मी यांना सगळं सांगितलं. बेचाळीस वर्षांत या माणसाने मला कधी उलटून विचारलं नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि एवढंच म्हणाले, "स्टीलच्या ग्लासात?" मग माझ्यापुढे चार पावलं ठेवून घरापर्यंत चालले. काल सकाळी त्यांनीच तात्काळमधून माझं कराडचं तिकीट काढलं. माझ्या एकटीचं. काल दुपारी मी रुचिराला फोन करून सांगितलं की माझ्याकडे पॉलिश करणारे ते माझे व्याही होते, रेवतीचे वडील, सुतारकाम करतात, आणि इंटिरियर, परदेशात जाणारा माल, हे सगळं माझ्या पदरचं होतं. ती म्हणाली, "अच्छा... असू द्या शालिनीताई, मी कुणाला बिल्कुल बोलणार नाही." मी म्हटलं, बोल. हवं त्याला सांग. बारशाला येशील तेव्हा मी तुमची ओळख करून देईन, ती फेब्रुवारीत राहिली आहे.

तू हे वाचशील तेव्हा मी निजामुद्दीनहून निघालेली असेन. रीतीप्रमाणे विहिणीने जाऊन व्याह्यांना बोलवायला हवं तसं बोलवायला चाललेय, पण मी बोलावून ते येणार नाहीत हे मला माहीत आहे. मला ते प्रेमाने जेवू घालतील, गाडीत बसवून देतील आणि पुन्हा सांगतील की तिला कळू देऊ नका. म्हणून त्यांना दिलेला शब्द मोडून हे पत्र लिहिलं. मला माफ कर असं मी लिहिणार नाही. परत आल्यावर तू माझ्याशी बोलली नाहीस, किंवा साकेतला घेऊन वेगळं घर बघितलंस, तरी मी का म्हणून विचारणार नाही. मला एवढंच हवंय की तुझा राग ज्याचा आहे त्याच्याकडे यावा. तो माझा आहे, रेवती. महिन्याहून जास्त ते तो माझ्यासाठी वागवतायत, आणि त्यांना आता तुझ्याशिवाय कुणी नाही. तो त्यांच्याकडून काढून घे. फोन आजच कर, मी तिथे पोचायच्या आत. कारखाना सातला बंद होतो. सातनंतर ते घरी एकटेच असतात.

तुझीच,
शालिनी